थंडीत लाल होणारी नखं

कासारणीला हात बघून माणूस कळतं, असं बाया म्हणतात. थापा हायेत सगळ्या. मला हात बघून बांगडीचं माप कळतं, त्याच्या पुढं काही न्हाई. माणूस कळायला त्यानं तोंड उघडावं लागतं, आन कौसानं तोंड उघडायला लई वर्षं घेतली.

मी मोहिनी. शिरूर कासारच्या बाजारात माझं दुकान हाय. बांगड्या, टिकल्या, पिना, पावडर, गंगावन, बाईला जे लागतं ते. माझं तोंड फटकळ हाय, हे आधीच सांगून ठेवते. बांगडी भरताना जी बाई हात आखडती तिला मी चार शब्द सुनावते. तरी तीच बाई पुढच्या सणाला माझ्याकडंच येती, कारण माझ्या हातून काकण फुटत न्हाई.

कौसा वरच्या वस्तीची. तिचा हात मी पहिल्यांदा धरला तो तिच्या लग्नात, हिरवा चुडा मीच भरला. दोन-दोनचं माप, लेकराचा असतो तेवढासा हात. सासऱ्याला लग्नाची लई घाई झालती, कारण दसरा तोंडावर आलता आन पोरगा अंगद, त्याला जोडी न्हवती. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांचं असं हाय की नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. एकटा गडी असो का एकटी बाई, तो अर्धा कोयता, आन अर्ध्याला कुणी इचारत न्हाई. म्हणून पोरीचं लग्न घाईघाईत झालं आन हळद उतरायच्या आत ती फडात गेली.

पुढं अंगदला फडातच पान लागलं. साप चावला असं तोंडानं म्हणायचं न्हाई आमच्यात, पान लागलं म्हणायचं. बांगड्या तिच्या तिकडंच फोडल्या. पोटी लेकरू न्हाई. पुढच्या दसऱ्याला बाई आपलं गठुडं बांधून ट्रकपाशी उभी राहिली. शहादेव मुकादम म्हणला, "वैनी, तुमच्यासंगं कोयत्याला कोण?" तिनं गठुडं उचललं आन माघारी घरात गेली. तेव्हापासून ती वस्तीवरच.

आता वस्तीवर म्हणजे कसं, तेबी सांगते. दसरा झाला की वरची वस्ती रिकामी होती. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं ट्रकात घालतात आन जातात, कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. मागं उरतात म्हातारी माणसं आन शेरडं. कौसाची सासू छबुबाई हाय तशीच एक, डोळ्यात फूल पडलंय, ऊन-सावली तेवढी कळती. बाकी सगळ्या घरांना कुलपं, आन सगळ्या कुलपांच्या किल्ल्या कौसाच्या कमरेला. ती बाजारात आली की दिसायच्या आधी ऐकू यायची.

दिवस बुडायच्या आत ती घरोघर जायची. कुलूप काढायची, झाडायची, उंबऱ्यात दिवा लावायची. जळता दिवा मागं ठेवून कुलूप घालायचं न्हाई, म्हणून तो शांत होईपर्यंत तिथंच बसायची. तेल थोडंच असायचं, पण तेवढा वेळ दुसऱ्याच्या मोकळ्या घरात एकटीनं बसायचं. मंग पुढचं घर. मी एकदा इचारलं, "कौसा, तुला भ्या वाटत न्हाई का गं?" म्हणली, "कुणी असलं तर भ्या वाटंल ना अक्का."

ह्या किल्ल्या आधी वस्तीतलीच सुनिता सांभाळायची. तीबी नवऱ्यामागं एकटीच. एका हिवाळ्यात कुणीतरी तिला गजरा माळलेली बघितली. झालं! गडी माणसं गावात न्हाईत, मंग ही नटती कुणासाठी? गुढीपाडव्याला माणसं फडावरनं परतली आन सगळ्यांनी आपापली किल्ली माघारी घेतली. पाण्याला गेली की बाया घागर उचलून निघून जायच्या. शेवटी कंटाळून ती पुण्याकडं कुठं धुणीभांडी करायला गेली. एका गजऱ्यापायी! मी त्या बायांना तोंडावर म्हणलंय, तुमच्या टिकल्या मीच इकते, तुमी कुणासाठी नटता तेबी सांगा की. पण गाव करी ते राव न करी, मंग मी तर साधी कासारीण.

कौसाला हे सगळं ठाऊक होतं. किल्ल्या कमरेला हायेत तवर तिला वस्तीत जागा. त्या गेल्या की थोरल्या दिराच्या, आसारामच्या घरातलं एक जास्तीचं ताट. त्यामुळं ती बिचारी लई जपून राहायची. टिकली न्हाई, फूल न्हाई, आरशापुढं उभी राहिलेली कुणी बघितली न्हाई. गंमत बघा, वस्तीतल्या सगळ्या बायांचे रंग मात्र तीच निवडायची. कुठल्या साडीवर कुठली बांगडी, कुठल्या तोंडाला कुठली टिकली, तिची नजर कधी चुकली न्हाई. बाया म्हणायच्या, "कौसाला धाडा, ती बरोबर आणती." ती आणायची आन दुसरीच्या हातावर बघायची.

तर ते नेलपेंट. लगनसराईचे दिवस होते, ऊन असं की दुकानातल्या टिकल्यांचा गोंद सुटायला लागलता. माझी सून आरोही, तिला मोबाईलवर जगाचं सगळं कळतं. तिनं बीडहून रंग बदलणारं नेलपेंट आणलं. मी म्हणलं, "आगं आपल्याकडं बाया एका रंगाला दहादा हात लावून माघारी ठेवतात, आन तू बदलणारा आणतीस? सकाळी लाल घेऊन गेली आन दुपारी गुलाबी झाला म्हणून माघारी आणली तर भांडण तू करणार का मी?" ती हसली. आजकालच्या सुना हसतात, बोलत न्हाईत.

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. कौसा आलती पुतणीच्या, सायलीच्या, लग्नाच्या बांगड्या निवडायला. थोरली जाऊ सावित्रीबाई हिनंच धाडलं होतं. बांगड्या निवडून झाल्या आन आरोहीनं तिला दाखवायचं म्हणून आपलं बोट बर्फाच्या पाण्याच्या बाटलीला टेकवलं. फिक्कट नख बघता बघता डाळिंबाच्या दाण्यागत लाल झालं. कौसा बघतच राहिली. बोट उचललं तसं नख परत फिक्कट व्हायला लागलं.

"परत कर," कौसा म्हणली.

आरोहीनं परत केलं.

"अजून एकदा कर बघू."

मी म्हणलं, "आगं जादूगार हाय का ती? दुसरी गिऱ्हाइकं हायेत." पण कौसा काही हलंना. गिऱ्हाइकं गेली, मी गल्ला पुसला, तरी ही तिथंच. मंग हळूच म्हणली, "ह्यातलं कुठकुठलं हाय?"

तीन तऱ्हेच्या बाटल्या होत्या. आरोहीनं पहिली काढली. "काकू, ही घरात कायबी दिसत न्हाई, उन्हात गेलं की जांभळी होती."

कौसानं इचार केला. "म्हणजे मला दिसायचं न्हाई आन गावाला दिसायचं. उलटंच की हे. ही नको बाई."

दुसरी गरम असताना गुलाबी, गार झाली की निळी. "म्हणजे ही दोन्ही वेळा दिसतीच," म्हणून तीबी बाजूला सारली. तिसरी मात्र गार असताना गर्द लाल, आन ऊब लागली की नखाच्याच रंगाची. ती बाटली तिनं हातात धरून ठेवली.

बाई खरेदी करावी तर कौसासारखी! नुसतं सांगून ऐकती व्हय? डाव्या हाताच्या तीन बोटांना तिन्ही लावून घेतलं. माठात बोटं बुडवली. दारात जाऊन उन्हात धरली. आरोहीच्या चहाच्या पेल्याला टेकवली, लाल झालेलं नख फिक्कट झालं तेव्हा मान हलवली. घाम आला तर काय होतं? चुलीपुढं बसलं तर? शेण सारवताना? आरोही बिचारी एकेकाचं उत्तर देत होती. शेवटी पोर म्हणली, "पण काकू, थंडीत जरा बघा हं. थंडीत सकाळ-संध्याकाळ लालच राहणार ते. झाकायचं न्हाई."

कौसा म्हणली, "थंडीत वस्तीवर कोण असतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसं घरी असतात ती उन्हाळ्यात, तेव्हा नखं कोरी. माणसं गेली की थंडी, तेव्हा नखं लाल. बाईनं सगळा हिशेब जुळवून बाटली निवडलती. मी म्हणलं, "बरं, पुसायचं औषध तरी ने संगं." म्हणली, "कशाला? पाडव्यापर्यंत ऊन तापतंय. आपोआप दिसंनासं होतंय." आरोहीनं तिची तिन्ही नखं पुसून दिली. बाटली कागदात गुंडाळली आन सायलीच्या बांगड्यांच्या खाली घातली.

दसऱ्याला ट्रक गेला. दिवाळीनंतर थंडी पडली आन तिचं सुरू झालं. कसं करायची ते तिनंच मला सांगितलं, मी काय बघायला गेले न्हवते. आरोहीनं मोबाईलवर दाखवलं होतं त्यातलं तिला जमंल तसं. घरोघरचे दिवे झाले की आपल्या ओट्यावर यायची. घमेल्यात कोमट पाणी, त्यात हात बुडवून बसायची. कोयत्यानं अंगठ्याचं नख एकदा दुभंगलं होतं, ते तसंच वाढतं, त्याला लिंबाची फोड घासायची. नखांच्या कडा काडीपेटीच्या खरखरीत बाजूनं सारख्या करायची. मंग एकेक नख, श्वास धरून. वाळलं की रांजणात हात घालायची. रांजणातलं पाणी हिवाळ्यात हाडं गोठवणारं. हात वर काढला की दहाच्या दहा लाल.

आन मंग? मंग काय, बसायची बघत. दाखवणार कुणाला, शेरडांना? एकदा न राहवून तिनं छबुबाईपुढं हात धरला. "आत्या, बघा बरं." म्हातारीनं नखांवरून बोटं फिरवली आन म्हणली, "गुळगुळीत लागतंय गं. तेल लावलंस व्हय?" कौसा म्हणली, "व्हय आत्या, तेल लावलंय."

बाजारला ती दुपारची यायची, उन्हात चालून, नखं कोरी. दुकानात आली की पाणी मागायची. माठातला गार पेला दोन्ही हातांत धरून उभी राहायची, प्यायची न्हाई. नखं लाल झाली की एकदा माझ्याकडं बघायची, एकदा आरोहीकडं. आरोही म्हणायची, "भारी दिसतंय काकू." मंग घटाघटा पाणी पिऊन हात पदराखाली. एवढंच तिचं नटणं. मला तर राग यायचा, कुणाचा यायचा ते कळायचं न्हाई, म्हणून मी आरोहीवरच खेकसायची.

असे हिवाळे गेले. मंग ह्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, ऐन ऊसतोडीत. शहादेव मुकादमाचा भाऊ उभा राहिलता. मतं तर सगळी फडावर. त्यानं टेम्पो धाडले. रातभर चालून माणसं मताला आणायची आन मत झालं की लगेच माघारी फडावर न्यायची. आमच्याकडं हे काही नवं न्हाई. एरवी फोन उचलत न्हाईत, पण मताच्या दिवशी माणूस कुठल्या राज्यातनंबी उचलून आणतात.

कौसाला कळलं होतं माणसं येणार म्हणून. तिचा इचार असा, की दरवेळी दुपारच्या उन्हात जाते तसं ह्याबी वेळी जायचं, नखं कोरी असतील. म्हणून आदल्या सांजेला तिनं ताजा हात लावला. आन टेम्पो आले ते उजाडायच्या आत. शहादेव वस्तीत शिरला तो ओरडतच, "चला, आधी मत! पहिली रांग आपली. तिकडं फड थांबलाय!" आसाराम, सावित्रीबाई, सगळी माणसं अंगावर गोधड्या घेऊन टेम्पोतनं उतरली. छबुबाईला हाताला धरून कुणी न्यायची? कौसानं. सुटका न्हाई.

आन थंडी तर अशी की तोंडातनं वाफ निघत होती. बाईनं नखं राखेनं घासली, वाळूनं घासली, निघतंय कशाचं! दगडाच्या छातीचं नेलपेंट आणलंय आमच्या आरोहीनं. मंग चुलीवर हात शेकले, नखं कोरी झाली. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत परत लाल. मंग तिनं दोन्ही मुठी आवळल्या आन पदरात गुंडाळल्या.

आता बघा, पुढं आंधळी सासू, मागं सावित्रीबाई, तिच्या मागं सगळी वस्ती, फाटकात मुकादम. बाईच्या डोळ्यापुढं सुनिता उभी राहिली. ती घागर उचलून जाणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. मला म्हणली, "अक्का, किल्ल्यांचा जुडगा आपोआप वाजत होता." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मताला मूठ झाकून चालत न्हाई. शाई लावायला बोट लागतं.

छबुबाईचं झालं. मंग टेबलावरचा मास्तर म्हणला, "डावा हात." कौसानं मूठ उघडून हात टेबलावर ठेवला. पाची नखं लालभडक, आन ट्यूबलाईट डोक्यावर. मास्तरनं बोट धरलं, शाईची रेघ ओढली, म्हणला, "पुढं चला." मान वर केली न्हाई. मागं सावित्रीबाई, एक हात अंतरावर, बोट पुढं करून उभीच होती. ती म्हणली, "सरक की कौसे, गाडी थांबलीय."

अंगणात आल्यावर तर अजून कहर. शहादेवला फोटो पाहिजे होता. सगळ्या वस्तीला उभं केलं, म्हणला, "बोटं वर करा! वैनी, तुमचं बोट दिसंना, वर धरा." कौसानं हात वर धरला. सगळ्या वस्तीच्या मधोमध, पाच लाल नखं आभाळात. फोटो निघाला. गावाच्या ग्रुपवर गेला. लोकांनी खाली हार घातले, अंगठे दाखवले.

टेम्पो निघाला तेव्हा सावित्रीबाईनं मागच्या फळीवरून वाकून हाक मारली. कौसाला वाटलं, आलं आता. सावित्रीबाई म्हणली, "कौसे, आमच्या कणगीला उंदरं लागलीत का तेवढं बघ." आन टेम्पो गेला.

बाजारच्या दिवशी ती माझ्याकडं आली. हे सगळं मला सांगितलं. मी म्हणलं, "देव पावला म्हण की! नारळ फोड म्हसोबाला. वाचलीस."

"मलाबी तसंच वाटलं," ती म्हणली. "टेम्पो वळणापलीकडं जाईपर्यंत तसंच वाटलं. मंग वस्तीवर मी आन आत्या."

आरोहीनं मोबाईलवर तो फोटो काढला आन बोटांनी मोठा केला. दिसत होतं की! माझे डोळे अधू हायेत तरी मला दिसलं. सगळ्यांच्या खिशात तो फोटो होता, फडावर होता, गावात होता. कौसा त्याच्याकडं बघत राहिली आन एकदम रडायला लागली. कधी न रडलेली बाई, रडताबी येईना नीट तिला.

"कुणी बघितलंच न्हाई अक्का. मी एवढी वर्षं कुणाला भीत होते? त्यांनी मला शिव्या द्यायच्या होत्या, थोबाडात मारायची होती. माझा हात त्यांच्या नाकापुढं होता."

मी म्हणलं, "आगं रातभर टेम्पोत बसून आलेली माणसं, झोपंत होती." ती म्हणली, "व्हय." आन डोळे पुसले. मंग ती अर्धी राहिलेली बाटली काढून तिनं काउंटरवर ठेवली.

"लाल दे एक. बदलणारं न्हाई. उन्हात लाल, सावलीत लाल, तसलं."

माझं डोकंच सणकलं. "येड लागलंय का तुला? पाडव्याला माणसं येतील. सुनिताचं काय झालं इसरलीस? किल्ल्या जातील तुझ्या!"

"न्हाई इसरले."

"मंग?"

"मंग दे."

मी दिली, पण आपटून दिली. ती गुमान घेऊन गेली. लांबपर्यंत किल्ल्या वाजत होत्या.

पाडवा झाला. ट्रक आले. चार दिवसांनी सावित्रीबाई माझ्या दुकानात वादळागत शिरली. "मोहिनबाई, त्या सटवीला नेलपेंट तुमी इकलं का?" मी म्हणलं, "इकलं. तुमच्या सायलीच्या लग्नात तुमालाबी इकलंय, ते इसरला व्हय?" ती म्हणली, "माझा नवरा जित्ता हाय." मी म्हणलं, "मंग त्याच्या नखांना लावता का?" लई वाजलं आमचं. सगळा बाजार गोळा झाला. गेली पाय आपटत. माझं एक गिऱ्हाईक तुटलं, तुटू दे.

किल्ल्या काढून घेतल्या हे तिच्याच तोंडून कळलं. एकेकीनं येऊन आपापली किल्ली जुडग्यातनं सोडवून नेली. आता दसऱ्याला त्या कुणाच्या कमरेला जातात ते बघायचं.

बाजारच्या दिवशी कौसा आली ती मला ऐकूच आली न्हाई. मान वर केली तर समोर उभी. नखं लालच, जराशी उडालेली. मी तिला बसवलं, चहा मागवला, आन वस्तीचा उद्धार करायला सुरुवात केली. एकेकीचं नाव घेऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "जाऊ दे अक्का. तुला सांगायचंच राहिलं कसं झालं ते."

तर झालं असं. ट्रक आला, सावित्रीबाई खाली उतरली, कौसानं पाण्याचा तांब्या पुढं केला. सावित्रीबाईनं तांब्या घेतला न्हाई. हातच धरला. धरला आन ओढत उजेडात नेला, एकेक नख वर करून बघितलं. "हे काय गं? कुणासाठी?" सगळ्या बाया गोळा झाल्या. सगळ्यांनी वाकून वाकून बघितलं. लई बोलल्या, सुनिताला बोलल्या त्याच्यापेक्षाबी जास्ती.

"तू काय म्हणलीस?" मी इचारलं.

"काय म्हणणार? उभी होते." तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "पण अक्का, सावित्रीबाईनं हात धरला तो सोडलाच न्हाई. बोलणं संपंपर्यंत धरून ठेवला. ते गेल्यापासून एवढा वेळ माझा हात कुणी धरला न्हवता."

असं म्हणून तिनं मला मनगट दाखवलं. त्यावर बोटांचे वळ होते, पिवळे पडायला लागलेले. मी तो हात हातात घेतला. लग्नात दोन-दोनचं माप होतं. आता दोन-सहा झालंय, आन मला ते त्या दिवशी कळलं.